पालकाचा पत्ता

जून लागला की आटपाडीतल्या माझ्या औषधाच्या दुकानाच्या पायऱ्या मुलामुलींनी भरून जातात. शेजारी झेरॉक्सवाला आहे. त्याच्याकडची निम्मी रांग सावलीच्या आशेनं माझ्या छपराखाली सरकते. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, फायलीत दाखले, आणि बरोबर आई नाहीतर बाप, ज्यांच्या तोंडावर मुलापेक्षा जास्त काळजी. कुणी डोकं दुखतंय म्हणून गोळी मागतं, कुणी नुसतं पाणी मागतं. मी देता देता विचारतो, "कशाला अर्ज भरताय?" नर्सिंग म्हणतात, इंजिनिअरिंग म्हणतात, हल्ली तर ज्यांची नावंही मला धड उच्चारता येत नाहीत असे कोर्स सांगतात. एखादी मुलगी "फार्मसी" म्हणाली की मात्र मी काउंटर सोडून बाहेर येतो आणि तिनं न मागितलेला सल्ला पाव तास देतो. जूनमध्ये तुमचं दुकान कमी आणि तोंड जास्त चालतं, असं माझी बायको म्हणते. खोटं नाही ते.

दुकानाच्या दारातल्या बाकावर आबा बसलेले असतात. आबा म्हणजे माझे वडील. नव्वदीला टेकलेत, डोक्याला पटका अजून आहे, आणि कुणाचाही कागद समोरून गेला की मान तिरकी करून ते तो बघतात. त्यांना अक्षर येत नाही. पण विकत घ्यायच्या मेंढराचे दात बघावेत तसे ते कागद बघतात, आणि बऱ्याचदा "हां, बरा हाय" असं म्हणून मान हलवतात. पोरांना बरं वाटतं.

हा हंगाम आला की माझ्या नाकात हळदीचा वास येतो. आटपाडीच्या माळावर हळद कुठली! तो वास सांगलीचा, आणि तोही आताच्या नव्हे, बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या सालच्या सांगलीचा. मी तिथे कॉलेजात विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. उन्हाळा चढला की पेठेत हळदीची पोती उतरायची, हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या व्हायच्या. पलीकडे गुळाच्या ढेपा, त्यांच्यावर घोंघावणाऱ्या माश्या, आणि या सगळ्यातून वाट काढत मी पहाटे कृष्णेच्या घाटावर अभ्यासाला जायचो. दगडी पायरीवर बसून मोठ्यानं पाठांतर करायचो, म्हशी धुणारे माझ्याकडे बघून हसायचे. वारा पेठेकडून आला की रसायनशास्त्राच्या पुस्तकाची पानं हळदीनं घमघमायची. अजूनही बेंझिनची आकृती कुठं दिसली की मला तो घाट आठवतो.

आत्मविश्वास माझ्याकडे तेव्हा पोत्यानं होता. आमचं घराणं मेंढरांमागचं, कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुढं वाट दाखवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे ही वाट चुकू शकते हेही मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मास्तर म्हणाले हुशार आहेस, मी लगेच मान्य केलं. परीक्षेचा पेपर हातात पडला की मी आधी सगळा वाचून हसून घ्यायचो. शेजारच्या बाकावरचा मुलगा त्यानं घाबरायचा, आणि त्याचा मला फायदाच व्हायचा.

पण मला डॉक्टर व्हायचं नव्हतं. मला फार्मसीला जायचं होतं. फार्मसीचं कॉलेज म्हणजे काय हे गावाकडं कुणाला सांगून पटायचं नाही. औषधं म्हटल्यावर एक डॉक्टर आणि एक त्याचा कंपौंडर, एवढंच जग. आईनं तर कपाळालाच हात लावला होता. "येवढं शिकून पुड्या बांधणार व्हय रं?" मी म्हणालो, "पुडीत काय आन् किती घालायचं त्ये ठरवणार." ती म्हणाली, "त्ये बी डाक्टरच ठरवतोय की." तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही.

त्या हट्टामागं एक सकाळ होती. मी सहावीत असताना मेंढरांना जंत झाले. आबांचा हात मेंढरांच्या बाबतीत सोन्याचा; मोडलेला पाय ते बांबूच्या कामट्या लावून असा बांधायचे की महिन्याभरात ते मेंढरू बांधावरून उडी मारायचं. पण जंतावर मोरचूद पाण्यात कालवून पाजायचा, तो सगळेच पाजायचे तसा अंदाजानं. चिमटीत येईल तेवढा. त्या वेळी तो दुसऱ्याच कुठल्या दुकानातून आणलेला, बारीक दळलेला होता. चिमूट मात्र नेहमीचीच, आणि बारीक पूड तिच्यात जास्त मावली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात मेंढरं उठली नाहीत. आबा त्यांच्यामध्ये उकिडवे बसले होते आणि आपल्याच बोटांकडे बघत होते. पुढं कॉलेजच्या प्रयोगशाळेत निळ्या खड्यांची बरणी समोर आली, तिच्यावर कॉपर सल्फेट लिहिलं होतं, पण मी तिला लगेच ओळखलं. सरांनी त्या दिवशी एक टक्क्याचं द्रावण करायला शिकवलं. एक ग्रॅम तोलायचा, पाणी घालून शंभर मिलिलिटर करायचं, झालं. पाच मिनिटांचं काम. मी तोच एक ग्रॅम चार वेळा तोलला म्हणून सरांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हणालो, बरं आहे. त्या दिवशी मी ठरवलं की आपण तोलून देणारा माणूस व्हायचं.

सुट्टीत वसतिगृह बंद व्हायचं. मग मी पेठेजवळच्या एका औषधाच्या दुकानात राहिलो. मालकांना सगळे काका म्हणायचे. वरच्या माळ्यावर झोपायचं, दिवसभर दुकानात राबायचं, असा आमचा करार होता. माझ्या दृष्टीनं ती फार्मसीची तयारीच होती. तेव्हा तयार गोळ्या आजच्याइतक्या नव्हत्या. डॉक्टरांची चिठ्ठी आली की काका मागच्या खोलीत खलात औषध घोटायचे, मिश्रण बाटलीत भरायचे आणि मी कागदाची पट्टी कात्रीनं खाचे पाडून बाटलीला चिकटवायचो. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. खाचा सारख्या अंतरावर आल्या नाहीत तर काका पट्टी फाडून टाकायचे. "माणूस पट्टी बघून पितो, तुझं तोंड बघून नाही," असं म्हणायचे. आठवड्याभरात माझी पट्टी त्यांच्यापेक्षा सरळ यायला लागली आणि मी ते त्यांना सांगितलंही. काका हसले. "दुकान तर तुला आत्ताच येतंय, मग कॉलेज कशाला?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. रोज मी वेगळं उत्तर द्यायचो.

अर्ज टपालानं मागवला होता. कॉलेज सातारा जिल्ह्यात, सांगलीहून एसटीनं गेलं तर सकाळ मोडायची. अर्ज इंग्रजीत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरवर पसरून मी एकेक रकाना भरत होतो. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी मेंढपाळ असं लिहिलं तेव्हा काकांनी चष्म्यावरून बघितलं. "शेती लिही. बरं दिसतं."

"मेंढरं हायेत तर मेंढरंच लिवणार की काका."

"बरं बाबा." मग ते पुढच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं दुकानाचा पत्ता घाल."

तो रकाना होता, पालकाचा पत्ता, पत्रव्यवहारासाठी. आणि तिथं मी माझी सगळी हुशारी खर्च केली. आमचं गाव आटपाडीच्या बाजूला, पण दिवाळी झाली की घराला कुलूप लागायचं. घोडीवर बिऱ्हाड, मागं मेंढरं, आणि सगळे पश्चिमेला कृष्णाकाठी. तिथले बागाईतदार मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात. चार-आठ दिवस मेंढरं रात्रीची रानात बसली की जमिनीला लेंडीखत मिळतं, आम्हाला धान्य आणि चारा मिळतो. मग पुढचं रान. पाऊस धरला की परत पूर्वेला, घरी. म्हणजे जूनमध्ये गावच्या पत्त्यावर पत्र गेलं असतं तर पोस्टमननं ते दाराच्या फटीतून आत सारलं असतं आणि उंदरांनी वाचलं असतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. दुकानाचा पत्ता घालायचा तर आबा काही दुकानात राहत नव्हते. पालकाचा पत्ता म्हणजे पालक जिथं आहे तिथला पत्ता, असा माझा सरळ हिशोब. वाळवा तालुक्यात एक निवृत्त सुभेदार होते. त्यांचं उसाचं मोठं रान होतं, आणि जेठाचा अख्खा महिना आमची मेंढरं त्यांच्या रानांतून बसायची, मला कळायला लागल्यापासून बसायची. मी आबांचं नाव लिहिलं आणि खाली सुभेदारांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळं सुवाच्य अक्षरात. काकांनी मान हलवली. मला वाटलं, यांना काय कळतंय.

पालकाची सही लागत होती, म्हणून अर्ज घेऊन मी सुभेदारांच्या रानात गेलो. ऊस तुटून गेलेलं काळं रान, मधे वाघर लावलेली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. एका बाजूला तीन दगडांच्या चुलीवर आई भाकरी थापत होती, घोडी बांधाला चरत होती. आबांनी अंगठा उठवायच्या आधी हात धुतले, धोतराला पुसले, मग परत धुतले. सुभेदार स्वतः तिथं उभे होते. मिशा, ताठ कणा, अंगात पिढ्यान् पिढ्यांची पलटण. त्यांनी अर्ज हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "पोस्टमन हितंच आणून दील. आन् एक ध्यानात ठेवा, ज्येच्या नावाचं पाकीट त्येनंच फोडायचं. पलटणीत आमचा त्यो नेमच हुता. लोकाचं पाकीट फोडणारा माणूस कामाचा न्हाई." आबांनी मान हलवली. सुभेदारांचा शब्द त्यांना फार.

निघताना मी आबांना म्हणालो, "कागद आला की जपून ठेवा. मी येतो न्यायाला."

हे माझंच वाक्य. नंतर कित्येक वर्षं ते मला ऐकू येत राहिलं.

निकाल लागला, गुण चांगले पडले. दुकानात काकांनी पेढे वाटले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी एका रविवारी सुभेदारांच्या रानात जाऊन आलो. कागद आला नव्हता. पुढचा रविवार येईपर्यंत मी खुशाल पट्ट्या कातरत होतो. गुण माझ्याकडे होते, पत्ता बरोबर होता, कागद येणारच होता. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं गेलो तर रान मोकळं. वाघर नाही, चूल नाही, नुसत्या लेंड्या आणि नांगराचे ताजे तास. सुभेदारांची सून विहिरीवर धुणं धूत होती.

"आवं भाऊ, त्येंनी परवाच मुक्काम हालवला की. नांगरट लवकर काढली औंदा."

"कागद आला हुता का?"

"आला की. तुमच्या नावाचा हाय म्हणला पोस्टमन; इंग्रजी व्हता, मला काय लागलं न्हाई. मामंजी पेन्शनीच्या कामाला साताऱ्याला गेल्यात. तुमच्या वडलांच्या हातात दिला बगा."

"फोडला का त्येंनी?"

"न्हाई बा. पाकीट कपाळाला लावलं आन् पिशवीत ठिवलं."

मी तिथूनच चालायला लागलो. मेंढरं कुठं गेली हे शोधणं आमच्या माणसाला अवघड नाही, असा माझा समज. दरवर्षीची वाट ठरलेली, नदी ओलांडून तासगावच्या बाजूला, मग वर माळाला. त्या वाटेवर मी लेंड्या बघत, बाभळीच्या ताज्या तोडलेल्या फांद्या बघत निघालो. प्रत्येक वस्तीवर विचारायचो, कपाळावर पांढरा टिळा असलेली घोडी गेली का? एका म्हातारीनं मला ताक पाजलं आणि सांगितलं, गेली. पुढं जाऊन कळलं की ती दुसऱ्या कुणाची घोडी. दुपारी पाय भाजत होते, पण मन खुशीत होतं. पाकिटात काय आहे ते मला ठाऊकच होतं; नकार द्यायला कुणी पत्र पाठवत नाही. तारीख तेवढी ठाऊक नव्हती. त्या रविवारी मी एका शाळेच्या ओसरीवर पथारी टाकली आणि गाढ झोपलो. सोमवारीही दिवसभर हिंडलो. तासगावच्या अलीकडे द्राक्षांच्या मांडवाखाली काम करणाऱ्या एका बाईनं सांगितलं की नेहमीच्या वाटेवरची रानं यंदा लवकर पेरली, म्हणून मेंढरं खालच्या अंगानं गेली. म्हणजे मी दोन दिवस उलट्या बाजूला होतो.

मंगळवारी दहा-अकराच्या सुमाराला मला ती घोडी दिसली. एका ओढ्याकाठी मेंढरं चरत होती आणि आबा काठीवर रेलून उभे होते. मला बघून त्यांचं तोंड असं फुललं की मी चाललेले सगळे कोस विसरलो. त्यांनी आधी ओढ्यावर हात धुतले. मग कमरेची पिशवी सोडली. बिरोबाच्या भंडाऱ्याची पिशवी ती. तिच्यात आबा भंडारा सोडून दुसरं काही ठेवत नसत. त्यातून पाकीट काढलं. एक कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता, नुसतं पिवळंधमक झालं होतं.

"घे. तू येतो म्हणला हुतास. पान्याचा थेंब लागू दिला न्हाई."

मी पाकीट फोडलं. मूळ कागदपत्रं घेऊन मुलाखतीस हजर राहावे. सोमवार, सकाळी दहा. हजर न राहिल्यास जागेवर हक्क राहणार नाही. मी ते दोनदा वाचलं. काल सकाळी दहाला मी एका मारुतीच्या पारावर बसून शेंगा खात होतो.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? त्या पिशवीचा, सुभेदारांच्या पलटणीच्या नेमाचा, नांगरट लवकर काढणाऱ्या सगळ्या वाळवा तालुक्याचा राग आला, आणि क्षणभर आबांचाही आला. वाटेत चार शाळा होत्या, कुठल्याही मास्तरानं वाचून दाखवलं असतं. मग माझं मलाच आठवलं, जपून ठेवा, मी येतो. त्यांनी अक्षर न अक्षर पाळलं होतं. रकाना मी भरला होता. काकांनी सांगूनही मी ऐकलं नव्हतं.

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणत्यात?"

"या म्हणत्यात," मी म्हणालो.

"मग जा की रं. हुबा काय ऱ्हायलास?"

मी गेलो. तसाच सांगलीला, तिथून काकांच्या दुकानातून दाखले घेऊन दुसऱ्या दिवशी कॉलेजात. खिडकीतले कारकून भले माणूस होते. त्यांनी पिवळं पत्र उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला, आणि मला पाणी दिलं. जागा भरल्या होत्या, यादी लागली होती, त्यांच्या हातात काही नव्हतं. "गुण चांगले आहेत तुमचे. पुढच्या वर्षी या. आणि पत्ता असा द्या की जिथून माणूस हलत नाही." मी आभार मानले आणि बाहेर येऊन एसटी स्टँडवर कितीतरी वेळ बसून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच मला पेपर वाचून हसू आलं नव्हतं.

परत ओढ्याकाठी जाईपर्यंत मेंढरं एक मुक्काम पुढं सरकली होती. आबांनी लांबूनच विचारलं, "झालं का?" आईनं तवा खाली ठेवला. दोघं माझ्याकडे बघत होते, आणि आबांच्या त्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. सात मेंढरांच्या सकाळी ते ज्यांच्याकडे बघत बसले होते, तीच ती बोटं. मला पुन्हा ते बघायचं नव्हतं.

"झालं," मी म्हणालो. "आणखी एक वरीस सांगलीतच शिकायचं, मग तिकडं. जागा धरून ठेवलीया."

"म्हंजी पक्की?"

"पक्की."

आबांनी पाकीट परत मागून घेतलं. "तुला आता काय करायचंय त्येचं? ऱ्हाऊ दे माज्याजवळ." पुन्हा पिशवीत घातलं.

ते पुढचं वर्ष मी कसं काढलं, ते काकांना माहीत. खोटं बोलून बसलो होतो आणि ते खरं करायला माझ्याकडे एकच जून होता. पूर्वी मी हसत अभ्यास करायचो, आता नुसता अभ्यास करायचो. पट्ट्या कातरताना रासायनिक सूत्रं म्हणायचो, काका मधेच औषधाचं नाव टाकायचे आणि मी त्याची मात्रा सांगायची, चुकलं तर त्या दिवशीचा चहा बंद. आणि तरी, आज मागं वळून बघताना वाटतं, मजेचं वर्ष होतं. आपण हे करणार आहोत याबद्दल मला एका दिवसापुरतीही शंका आली नाही. दुसऱ्या अर्जावर मी दुकानाचा पत्ता घातला. काकांनी दौत माझ्याकडे सरकवली. पत्र आलं तेव्हा त्यांनी ते पोस्टमनच्या हातातून घेतलं आणि मी माळ्यावरून खाली उतरेपर्यंत हात उंच करून उभे राहिले.

त्यानंतर आबांनी ही गोष्ट किती जणांना सांगितली असेल, मोजदाद नाही. माझ्या लग्नात सांगितली, दुकानाच्या उद्घाटनाला सांगितली. दर जूनमध्ये बाकावर बसून पायरीवरच्या पोरांना सांगतात. कागद कसा आला, पिशवीत कसा ठेवला, पान्याचा थेंब कसा लागू दिला नाही, आन् म्हणून ह्यो आज हितं बसलाय. मी आतून हो म्हणतो. "व्हय, आबांनी जपला म्हणून." इतक्या वर्षांत त्यांच्या गोष्टीत तो हुकलेला सोमवार मी कधी घातला नाही. मला त्याचा अभिमानही होता. म्हाताऱ्याला आपण नीट सांभाळलं, असं वाटायचं.

परवा एक मुलगी पायरीवर बसून रडत होती. फार्मसीलाच अर्ज भरलेला. प्रवेश पक्का करायची मुदत आदल्या दिवशी संपली होती, आणि त्याचा मेसेज गेला होता तिच्या बापाच्या मोबाइलवर, कारण अर्जात पालकाचा नंबर मागितला होता. बाप माळावर, तिथं रेंज नाही, आणि आलेला मेसेज उघडायचा कसा हे त्याला ठाऊक नाही. तो चार पावलांवर टोपी हातात घेऊन खाली बघत उभा होता. मुलगी हुंदक्यांमधून त्याला बोलत होती, तोडून तोडून. पुढच्या फेरीत काय करता येईल ते मी सांगत होतो, पण तिला ऐकू येत नव्हतं.

"पोरी," आबा म्हणाले. "त्येला नगं बोलूस."

ती त्यांच्याकडे वळली. मला वाटलं, आता पिशवीची गोष्ट निघणार, आणि नेमकी आज ती या बापाच्या जिव्हारी लागणार. मी पुढं झालो.

"ह्यो माझा ल्योक," आबा माझ्याकडे हात करून म्हणाले. "ह्येची तारीख मी चुकवली हुती. कागद पिशवीत घालून मेंढरामागं हिंडत बसलो आन् सोमवार निघून गेला. येक वरीस गेलं ह्येचं माज्यापायी. दुसऱ्या साली गेला. काय बिगाडलं न्हाई बग. बसलाय की हितं."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या बापानंही पाहिलं. माझ्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं, ते मी कुणासाठी काढलं होतं तेच मला आठवेना. थोड्या वेळानं बाप मुलीजवळ पायरीवर टेकला, तिनं त्याचा मोबाइल घेतला आणि त्याला मेसेज कसा उघडायचा ते दाखवायला लागली. मग दोघं झेरॉक्सकडे गेली.

मी आबांशेजारी बाकावर बसलो.

"आबा, तुमाला कवा कळलं?"

"फुडच्याच साली. जेठात सुभेदारांच्या रानात गेलो तवा त्येंला पाकीट दावलं. त्येंनी वाचलं."

"मग कदी बोलला न्हाईसा."

"काय बोलायचं? जागा धरलीया, आसं तूच म्हणला हुतास." आबा समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "सुभेदारास्नी बी मी त्येच सांगितलं. त्ये म्हणले, आसं कोन वरीसभर जागा धरून ठेवत न्हाई, पोरगं खोटं बोललंय तुमाला. म्हणलं, आसंल. पर आमचं पोरगं धरंल."

मी चष्मा काढला आणि उगाच पुसत राहिलो. आबांनी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं.

"मग? धरलीस का न्हाईस?"

"धरली, आबा," मी म्हणालो.